जन्मतारखेनुसार रहस्य

‘लॉस्ट’ या अमेरिकी रहस्यमालिकेतील पात्रांची बालपणे वर्षवार लावून पाहणे हा मूळच्या हेडक्लार्क वृत्तीला मानवणारा करमणुकीचा प्रकार आहे. सप्टेंबर २००४ ते मे २०१० या काळात एबीसी वाहिनीवर सहा सीझन चाललेल्या या मालिकेत सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेले विमान एका बेटावर कोसळते आणि वाचलेल्यांचे पूर्वायुष्य फ्लॅशबॅकमधून तुकड्यातुकड्याने कळते. हे तुकडे लेखकांनी मुद्दाम विस्कटले होते. क्रमप्रिय प्रेक्षकाला तो कार्यालयीन ढिसाळपणा वाटतो आणि तो फायली लावायला बसतो.

पहिल्या फायलीतच पंचाईत होते. सर्वांत जुने बालपण जेकब आणि त्याच्या जुळ्या भावाचे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. ते दाखवले गेले मालिका संपायला दोन आठवडेही उरले नसताना. नव्या क्रमात मात्र आरंभीच बाळंतीण मारली जाते आणि बेटाच्या पोटातला तो गूढ उजेडही पाहून होतो. आईने एकच नाव ठरवलेले असल्याने दुसऱ्या मुलाचा रकाना कायमचा कोरा राहतो, हे यादी करणाऱ्याचे खरे दुःख.

पुढची नोंद थेट १९५६ची: एमिली नावाच्या बाईला अपुऱ्या दिवसांचा जॉन लॉक होतो. पुढच्या दशकात आणखी एका एमिलीला अपुऱ्या दिवसांचा बेन होतो. पहिली मूल सोडून देते, दुसरी दगावते, आणि बेनचा बाप त्याबद्दल मुलालाच दोषी धरतो. यानंतर यादी बापांचीच होत जाते. ह्यूगोचा बाप लास व्हेगासला निघून जातो, जॅकचा बाप दारूचा घोट घेत मुलाला त्याची लायकी सांगतो, जेम्सचा बाप बायकोला आणि मग स्वतःला गोळी घालतो. विमान कोसळायला एवढा अवकाश आहे याचीच हळहळ वाटू लागते.

जेम्सच्या प्रकरणात नुकसान सर्वांत मोठे. पहिल्या सीझनमध्ये तो सॉयर नावाचा ठक म्हणून वावरतो आणि एक पत्र जवळ बाळगतो. त्याने फसवलेल्या कुणा कुटुंबातल्या मुलाचे ते असावे, असा सर्वांचा समज. मग सहप्रवासी केटला पाकिटावर १९७६ दिसते आणि उलगडा होतो: मुलगा तोच होता, पत्रही त्यानेच लिहिलेले. क्रमवार पाहणाऱ्याला हाच मुलगा आईबापांच्या अंत्यविधीच्या दिवशी ते पत्र लिहिताना आधीच दिसलेला असतो. केट थक्क होते, प्रेक्षक जांभई देतो.

यानंतर कालक्रम स्वतःच राजीनामा देतो. पाचव्या सीझनमध्ये वाचलेल्यांपैकी काही जण काळात मागे फेकले जातात. त्यामुळे लहानगा जेम्स अमेरिकेत पोरका होत असताना तोच जेम्स, वयाने घोडा झालेला, बेटावर धर्मा इनिशिएटिव्ह या संस्थेत सुरक्षाप्रमुख असतो. येथे लोक एकमेकांना ‘नमस्ते’ म्हणतात; त्याने कुणाची वृत्ती निवळल्याचे दिसत नाही. १९७७मध्ये त्यांच्यातलाच सईद शाळकरी बेनवर गोळी झाडतो. बेनचे गुन्हे पुढच्या तीस वर्षांत घडायचे आहेत, म्हणजे क्रमवार प्रेक्षकाच्या लेखी ही निव्वळ माथेफिरू माणसाची करणी. त्या पोराला वाचवायला केट धावते. तिचे स्वतःचे शाळेचे वय अजून यायचे असते. ते आल्यावर, १९८९मध्ये, ती मित्राबरोबर एका डब्यात खेळण्यातले विमान ठेवून तो डबा पुरते. मोठेपणी याच विमानासाठी ती बँक लुटते आणि मूळ प्रसारणात ते का, हे कळायला अनेक भाग थांबावे लागते. क्रमवार पाहताना एक मिनिटही थांबावे लागत नाही.

विमान अखेर कोसळते, जंगलात ध्रुवीय अस्वल निघते आणि सारे हादरतात. अस्वले धर्मावाल्यांनी आणली होती, हे फाइलवाल्याला ठाऊकच असते. ज्यांनी ‘लॉस्ट’ अजून पाहिलेली नाही त्यांनी ती प्रसारणाच्याच क्रमाने पाहावी आणि यादी करणाऱ्या नातेवाइकाला त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवावे.