कॅडबरी ते बोर्नव्हिल

ठाण्यात आमचा पत्ता कॅडबरी जंक्शन. तिथे तीस वर्षं राहूनही कॅडबरीच्या फाटकाआत पाऊल पडलं नाही. ते पडायला बर्मिंगहॅम गाठावं लागलं.

‘‘मामा, बाहेर पाऊस आहे, बोर्नव्हिलला जाऊ. डोक्यावर छप्पर तरी असेल,’’ भाचा म्हणाला. त्याच्या त्या पावसात ठाण्यात कोणी दोरीवरचे कपडेही काढत नाही. छत्री न उघडता मी ऐटीत निघालो. पण इथला पाऊस पडत नाही, लोणच्यासारखा मुरतो. बोर्नव्हिल स्टेशनवर उतरेपर्यंत पायमोजे पिळायला आले होते. ‘‘मुरली का ऐट?’’ हिनं विचारलं.

फलाटावरच्या पाट्याही कॅडबरीच्या जांभळ्या. नाव वाचून ही थबकली. ‘‘अहो, बोर्नव्हिटातलं बोर्न ते हे!’’ मुलांच्या दुधात वर्षानुवर्षं ढवळलेलं गाव समोर उभं होतं.

जॉर्ज आणि रिचर्ड कॅडबरी 1879 मध्ये शहरातला कारखाना इथल्या मोकळ्या माळावर घेऊन आले. जवळच्या बोर्न ओढ्याला फ्रेंच ‘व्हिल’ जोडलं, कारण चांगलं चॉकलेट म्हणजे फ्रेंच, अशी तेव्हा समजूत. आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या इमारतींची विलायती नावं आठवून मी त्यांना मनोमन माफ केलं. भाऊ क्वेकर पंथाचे. पुढे कामगारांसाठी घरं, बागा, क्रिकेटचं मैदान, सगळं दिलं. दारूचा गुत्ता मात्र वसाहतीत येऊ दिला नाही.

‘‘मग एवढ्या थंडीत प्यायचं काय?’’

‘‘कोको, मामा. तोच तर ते विकत होते.’’

1990 पासून लोकांसाठी खुल्या असलेल्या ‘कॅडबरी वर्ल्ड’मध्ये शिरताच हातात चॉकलेटं पडली. हिनं ती तत्परतेनं पर्समध्ये टाकली. आत एक बाई संगमरवरी ओट्यावर पातळ चॉकलेट ओतून उलथन्यानं पसरत होती, गोळा करत होती, पुन्हा पसरत होती. असं निववलं की चकाकी येते आणि वडी टचकन मोडते. ‘‘नारळाच्या वड्या एवढ्या चिवडल्या तर भुगा होईल,’’ ही कुजबुजली. पण नजर उलथन्यावरच.

दुकानात हिनं दोन किलो डेअरी मिल्क घेतलं, शेजाऱ्यांना वाटायला.

‘‘अगं, आपण कॅडबरीलाच राहतो!’’

‘‘ही तिकडची आहे.’’

परतल्यावर रिक्षावाल्यानं बॅग उचलली. ‘‘साहेब, कुठे?’’

‘‘कॅडबरी.’’

‘‘आणि बॅगेत काय एवढं जड?’’

‘‘कॅडबरी.’’

‘‘ते कळलं हो. बॅगेत काय?’’