सुट्टीतला गाईड

मंचर सोडून पिंपरी-चिंचवडला स्थिरावलेला नवरा सुट्टीत बायकोला घेऊन गावी आला, की थेट पुरातत्त्व खात्यातच रुजू होतो. ‘इथं चिंचेचं झाड होतं,’ तो मोबाईलच्या दुकानाकडे बोट दाखवतो. ‘हो का,’ म्हणत बायको दुकानातले भाव बघते.

खरी पंचाईत बाह्यवळणानं केली. पुणे-नाशिक महामार्ग गावातून जायचा, तेव्हा कोंडीत अडकलेल्या प्रत्येकाला मंचर बघावंच लागे. आता मुद्दाम वळावं लागतं. ज्या कोंडीला तरुणपणी शिव्या घातल्या, तिच्या आठवणीनं साहेब हळवे होतात. गाव सुधारलं, हे सोडून गेलेल्यांना सहसा खपत नाही. त्यांना गाव जसंच्या तसं हवं. राहायला मात्र दुसऱ्यांनी.

मग तालुकापुराण. कचेरी घोडेगावला, पण बाजार मंचरचा, हे तो स्वतःच्या कर्तृत्वासारखं सांगतो. ज्याच्या नावानं तालुका चालतो, ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तिथल्या माणसानं बायकोला काय दाखवावं? त्या जलाशयावर हा मात्र सेल्फी काढतो आणि ‘काय व्ह्यू आहे!’ म्हणतो. चिंचेचा शोक तेवढ्यापुरता स्थगित.

‘भीमाशंकरला लहानपणी खूपदा गेला असाल ना?’ ती विचारते.

‘छे गं, ते तर घरचंच. कधीही जाता आलं असतं.’

आणि मोबाईलवर रस्ता शोधायला लागतो.