एखादं गाणं वाजवा ना!

घरात वाद्य आलं, की आल्यागेल्याचा आग्रह ठरलेला: "एखादं गाणं वाजवा ना!" पेटी असेल तर नाट्यपद निघतं, गिटार असेल तर जुनं हिंदी गाणं निघतं, माउथ ऑर्गन असेल तर गेला बाजार राष्ट्रगीत तरी निघतंच. माझ्या वाद्यातून गाणं निघत नाही. ते दोन तळहातांवर मावतं, चंदेरी रंगाचं आहे, खाली बटणांची रांग आणि वर फिरवायचे नॉब. पाहुणे त्याच्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "वायफायचं आहे का?"

मूळ यंत्र रोलँड या जपानी कंपनीचं, टीबी-३०३. माझ्याकडे त्याची हल्लीची नक्कल आहे. अस्सल माल संग्राहकांच्या कपाटात गेलाय आणि त्याची किंमत मी घरात मोठ्यानं उच्चारत नाही. तादाओ किकुमोतो या अभियंत्यानं ते १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलं, तेही अत्यंत सज्जन हेतूनं: घरी एकट्यानं गिटार वाजवणाऱ्याला बासची साथ मिळावी. हा साथीदार उशिरा येणार नाही, चहा मागणार नाही, मानधनावरून रुसणार नाही. फक्त काय वाजवायचं ते त्याला आधी पढवून ठेवायचं.

पढवणं हीच खरी मेख. एका ओळीत सोळा घरं. आधी सगळे सूर क्रमानं भरायचे. ते झाले, की पुन्हा पहिल्यापासून यायचं आणि घराघराला वेळ सांगायची: इथे सूर, इथे मागचाच सूर लांबव, इथे गप्प. सूर आणि लय यांची एवढी फारकत आपल्याकडे फक्त हौशी गायकांच्या मैफलीत होते. आणि एवढं करून बाहेर पडणारा आवाज बास गिटारचा वाटायचाच नाही. गिटारवाल्यांनी पाठ फिरवली. सुमारे १०,००० नग निघाले आणि १९८४मध्ये कंपनीनं हात टेकले. यंत्रं सेकंडहँड दुकानांत जाऊन पडली.

तिथून ती शिकागोतल्या पोरांना स्वस्तात मिळाली. 'फ्यूचर' नावाच्या त्रिकुटातल्या डीजे पिएरनं यंत्राला काही पढवण्याच्या भानगडीत न पडता, चालू सुरावटीवर नॉब पिळायला सुरुवात केली. यातला एक नॉब आवाजातले वरचे, टोकदार थर छाटतो. शेजारचा नॉब जिथे छाटलं नेमकी तिथलीच कड फुगवतो. दोन्ही एकदम फिरवले, की सुरावट तीच राहते, पण ती कण्हते, चिरकते, मधूनच गुळण्या करते. ही करामत 'ॲसिड ट्रॅक्स' नावानं १९८७मध्ये बाजारात आली. त्याआधी 'म्युझिक बॉक्स' क्लबमध्ये डीजे रॉन हार्डीनं ती लावली, तेव्हा नाचणारे फ्लोअर सोडून गेले, असं खुद्द पिएरच सांगतो. हार्डीनं त्याच रात्री ती पुन्हा लावली. मग पुन्हा. चौथ्या खेपेला लोक अक्षरशः पिसाटले. त्या संगीताला 'ॲसिड हाउस' म्हणतात.

आमच्या इमारतीत गुळण्यांचा पहिला सूर उमटला, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी टॉर्च घेऊन गच्चीवर गेले. टाकीचा पंप हवा ओढतोय, अशी त्यांची खात्री होती. उतरताना आमच्या दारापाशी आवाज वाढला, तशी त्यांनी बेल वाजवली.

"तुमच्याच लाइनमध्ये हवा आहे."

"अहो, हे संगीत आहे."

"असेल. पण प्लंबरला एकदा दाखवून घ्या."

यंत्राला हेडफोनची सोय आहे, हे बायकोनं माझ्याआधी शोधून काढलं.

मामांचं प्रकरण निराळं. मामा पेटी वाजवतात आणि ज्याला 'सा' सापडत नाही, त्याला माणसांत मोजत नाहीत. त्यांनी चष्मा लावून घरं मोजली.

"सोळा मात्रा. म्हणजे तीनताल. सम कुठाय?"

"तुम्ही जिथून ऐकायला लागाल तिथे, मामा."

"अरे, सम म्हणजे काय भाडेकरू आहे, दर अकरा महिन्यांनी जागा बदलायला?"

मी 'स्लाइड' बसवलेली सुरावट लावली. स्लाइड दिली, की एक सूर न तुटता पुढच्या सुरात ओघळतो. मामांची मान किंचित हलली. "मींड घेतंय की!" त्यांच्या तोंडून निसटलं आणि दुसऱ्याच क्षणी चेहरा पडला. मींड हे पेटीचं जुनं दुखणं. १९४०मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीला स्टुडिओबाहेर काढलं, तेव्हा तिच्यावरच्या आरोपांत हे कलम ठळक होतं: हिचे सूर जागचे हलत नाहीत. मैफली आणि संगीत नाटकं तोलून धरणारी पेटी पुढची कित्येक वर्षं दाराबाहेर, आणि हा गिटारवाल्यांनी टाकून दिलेला डबा खुशाल मींड घेतोय! मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घसरणं वेगळं, मींड वेगळी. घसरायला अक्कल लागत नाही."

मग मी हुकमाचं पान काढलं: चरणजित सिंग. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात आयुष्य काढलेला मुंबईचा वादक. त्यांनी हेच टीबी-३०३, जोडीला टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. भैरव, तोडी, यमन, मालकंस, सगळे भारदस्त लोक त्या ठेक्यावर चालते केले. रेकॉर्ड निघाली १९८२मध्ये. म्हणजे शिकागोच्या पाच वर्षं आधी ॲसिड हाउसचा कारखाना मुंबईत सुरू होता आणि मालकालाही त्याचा पत्ता नव्हता. रेकॉर्ड अर्थातच खपली नाही. २०१०मध्ये नेदरलँड्समधल्या एका संग्राहकानं ती पुन्हा काढली, जगभरच्या जाणकारांनी कपाळाला हात लावला आणि सत्तरीच्या उंबरठ्यावरल्या सिंग यांना युरोपातल्या मंचांवरून बोलावणी आली.

मामांनी भैरव डोळे मिटून ऐकला. मी थांबवायला हात पुढे केला, तर म्हणाले, "राहू दे." मामांकडे याहून मोठी दाद नाही.

मला या यंत्राबद्दल आदर वाटतो, तो ते नापास झालं म्हणून. बास गिटारची नक्कल हुबेहूब जमली असती, तर गिटार शिकणाऱ्या चार पोरांनी ते वापरलं असतं आणि लग्न झाल्यावर माळ्यावर टाकलं असतं. लहानपणी नातेवाइकांकडे 'सतार, बासरी, व्हायोलिन, सगळं आहे यात' असं सांगून दाखवला जाणारा कीबोर्ड आठवतो. त्यातली सतार कधी कुणाला सतार वाटली नाही आणि ती दुसरं काही होऊही शकली नाही, कारण तिला पिळायला नॉब नव्हता. ३०३ला होता. जे जमत नाही ते आणखी कितपत बिघडवता येईल, याची मुभा त्या डब्यानं दिली आणि त्यातून एक अख्खा संगीतप्रकार निघाला. म्हणून पाहुण्यांना मी आता शांतपणे सांगतो, की यावर गाणं वाजत नाही, यावर काय वाजेल ते मलाही वाजल्यावरच कळतं. पाहुणे समजूतदारपणे मान हलवतात आणि बायकोला विचारतात, "ऑफिसात सगळं ठीक आहे ना यांचं?"

यंदा सोसायटीच्या गणेशोत्सवात, विविध गुणदर्शनाच्या यादीत माझंही नाव लागलंय. 'ॲसिड ट्रॅक्स' अकरा मिनिटांच्या वर जातं, हे ऐकून सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. घासाघीस होऊन चार मिनिटं मिळाली. एवढ्यात चौथी खेप शक्य नाही आणि पहिल्या खेपेला माणसं उठून जातात, हे तर शिकागोत सिद्ध झालंच आहे. पण आमच्या कार्यकारिणीनं तोडगा काढलाय: खिरापत माझ्या कार्यक्रमानंतर वाटायची. रॉन हार्डीला हे सुचलं नव्हतं.