आमचा गुडघा

"आज आम्ही जरा लंगडतोय," बालेवाडीच्या कोर्टाबाहेर जाळीला नाक लावून उभे असलेले गृहस्थ मला म्हणाले. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पांढरेशुभ्र मोजे घातलेले दोन्ही पाय ठणठणीत होते. लंगडत होता तो जाळीपलीकडचा त्यांचा बारा वर्षांचा मुलगा.

टेनिसबाबा पुण्यात पहाटे सव्वापाचला दिसू लागतात. खांद्यावर मुलाची किटबॅग, हातात भिजवलेल्या बदामांचा डबा. स्वतः फार तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॅडमिंटन खेळलेले. पण सर्वनाम 'आम्ही'. "आम्ही बॅकहँड दोन हातांनी मारतो." "आम्ही अंडर-14मध्येही नाव दिलंय." हरल्यावर मात्र एकवचन येतं : "गाढवाने टायब्रेकला माती खाल्ली."

आमच्या या बाबांकडे एक वही आहे. दूधवाल्याच्या हिशेबासारख्या तिच्यात रोजच्या सर्व्हिस मांडलेल्या. सोमवार 140, मंगळवार 155, बुधवारी शाळेचं गॅदरिंग म्हणून खाडा, तोही लाल शाईत. शनिवार-रविवारी स्पर्धा. सिंगल्स दोन वयोगटांत, शिवाय डबल्स, म्हणजे दोन दिवसांत पाच सामने सहज. "तेवढीच मॅच-प्रॅक्टिस," बाबा म्हणतात. सामन्याची प्रॅक्टिस सामन्यातच करायची, तर मग सामना कधी खेळायचा, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

मुलाच्या गुडघ्याच्या वाटीखाली सुपारीएवढं टेंगूळ आलं. आजीने हळद-तेल चोळलं. मग डॉक्टर. त्यांनी सांगितलं ते बाबांनी मला त्याच संध्याकाळी शब्दन् शब्द ऐकवलं. वाढीच्या वयात हाड भराभर लांबतं, मांडीचा स्नायू मागे पडतो. मग दर उडीला, दर झपाट्याला तो नडगीच्या वरच्या टोकाला खेचतो, आणि तिथलं हाड अजून कोवळं, कूर्चेचं. आराम दिला तर बहुतेकांचं वाढ संपेपर्यंत बरं होतं.

"आम्हाला ऑसगुड-श्लॅटर आहे!" हे त्यांनी ग्रीन कार्ड मिळाल्याच्या सुरात सांगितलं. ऑसगुड बोस्टनचा, श्लॅटर झुरिकचा, दोघांनी 1903 साली हे दुखणं वेगवेगळं नोंदवलं, हेही त्यांनी शोधून काढलं होतं. एवढ्या परदेशी दुखण्यापुढे शेजारच्यांच्या मुलाचा मुरगळलेला घोटा अगदीच गावठी वाटायचा.

दवाखान्यातली बोलाचाली मला मुलाच्या आईकडून कळली.

"आठवड्याला किती तास खेळतो?"

"एकवीस."

"वय जितकी वर्षं, साधारण तितकेच तास, त्याहून जास्त नको."

बाबांनी मनात गुणाकार-भागाकार केला. "अंडर-14 खेळतो, तेव्हा चौदा धरू या?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नदालच्या डाव्या पायाचं दुखणं 2005 सालचं," बाबा नेटाने पुढे सरकले, "त्यानंतर त्याने एकवीस ग्रँड स्लॅम जिंकली."

"नदाल तेव्हा बारा वर्षांचा नव्हता."

"म्हणजे आम्ही काही आठवडे खेळायचंच नाही?"

"तुम्ही खेळा की. याने थांबायचं."

आई म्हणाली, मुलगा तेव्हा खिडकीबाहेर बघत होता, पण कान लाल झाले होते. हसू दाबल्यामुळे.

वही काही सुटली नाही. सर्व्हिसचा रकाना खोडून तिथे 'बर्फ' लिहिलं गेलं. दिवसातून तीन वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं, झालं की बरोबरची खूण. परवाच्या रविवारी बाबा सवयीने जाळीशी हजर होते. खेळायचं नव्हतं, तरी प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास नको का? बर्फाची वेळ झाली, तसं त्यांनी पोराला बाहेर पिटाळलं. ते अर्ध्या तासाने डुलत डुलत परत आलं.

"बर्फ?" बाबांनी कोर्टावरची नजर न हलवता विचारलं.

"झाला."

"किती वेळा?"

"दोनदा."

त्याचे ओठ जांभळे झाले होते आणि टी-शर्टवर काला खट्ट्याचा ओघळ पोटापर्यंत आला होता. बाबांनी पेनाचं टोपण काढलं आणि वहीत दोन खुणा केल्या.