एसीवाला आणि त्याचा परवाना

२०२३ च्या जूनअखेरीपासून ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये पारा रोज ४३ अंशांच्या वर जात होता. सलग ३१ दिवस. अशा गावात एसीवाल्याला राज्य सरकार जो परवाना देतं, त्यात गारव्याबरोबर घर गरम करण्याचं कामही येतं. सरकारी आशावाद! यंत्र बहुधा छपरावर, म्हणजे दुसऱ्याचं घर गार करायला यानं तव्यावर बसायचं. बिघाड काय, तर उन्हानं डोकं फुगलेला, मुठीत मावणारा कपॅसिटर. मार्चमध्ये यानं घरमालकाला ‘तपासून घ्या’ म्हटलं होतं, तेव्हा उत्तर होतं, ‘चालतंय की!’ जुलैत तोच गृहस्थ घाम पुसत स्वतः शिडी धरतो. आणि घासाघीस? छे, ती जानेवारीत.