पेढा निघाला तर?

डोहाळजेवणात एक खेळ असतो. फुलांच्या दागिन्यांनी मढलेल्या पोटुशीसमोर दोन झाकलेल्या वाट्या ठेवतात. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. ती एक वाटी उघडते. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. बायका हसतात, जे निघालं ते तिच्या तोंडात घालतात आणि जेवायची पानं घेतात. दोन्ही वाट्यांत गोडच असतं, म्हणून तर हा खेळ खेळवतो.

केंद्र सरकारला तो इतका आवडला की त्यांनी त्याची योजना केली. फक्त एका वाटीत काही ठेवायचं राहून गेलं.

प्रधानमंत्री मातृ वंदना योजना, सुधारित आवृत्ती, १ एप्रिल २०२२पासून लागू. गरीब घरातल्या बाईला पहिल्या बाळंतपणाचे ५,००० रुपये. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६,००० रुपये, एकरकमी. मुलगा झाला तर काही नाही. जुळं झालं तर? सरकारने तोही विचार करून ठेवलाय. जुळ्यात एक जरी मुलगी असली तरी चालते. पेढ्याबरोबर बर्फी असली की पेढ्याचा गुन्हा माफ.

मुलीचं स्वागत व्हावं हा हेतू चांगलाच. पण पोटात काय आहे हे विचारायचं नाही आणि सांगायचं नाही, असा आपल्याकडे कायदा आहे, आणि तो असायलाच हवा. त्यामुळे पैसे द्यायचे की नाही हे बाळ बाहेर आल्याशिवाय ठरतच नाही. म्हणजे दुसऱ्या खेपेला चार घास जास्त लागतात, तपासणीला जायला रिक्षा लागते, कामाला दांडी मारावी लागते, त्या नऊ महिन्यांत सरकार बाळंतिणीच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसलेलं. “काय झालं?” “मुलगा.” “बरं बरं.” आणि पिशवी उचलून चालू लागलं. सासूला आपण उगाच नावं ठेवतो. तीही हेच विचारते, फक्त तिची वाटी दुसरी.

दुसऱ्या खेपेला बाईचं एचबी सात निघालं, तर ते मुलग्यामुळे सात की मुलीमुळे सात, हे अजून कुठल्या लॅबने रिपोर्टवर लिहून दिलेलं नाही.

आता पहिल्या खेपेचा हिशेब. २०१३चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, कलम ४. प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये मातृत्व लाभ. सरकारी नोकरीतल्या आणि दुसऱ्या कायद्याने असा लाभ मिळणाऱ्या तेवढ्या वगळल्या. कायद्यातला शब्द आहे ‘प्रत्येक’. कितवं मूल, कोणतं मूल, अशी चौकशी त्यात नाही. ३१ डिसेंबर २०१६च्या रात्री, लोक अजून नोटबंदीतल्या एटीएमच्या रांगेतून घरी परतत असताना, पंतप्रधानांनी टीव्हीवरून हेच सहा हजार देशभर द्यायची घोषणा केली. पुढे योजना कागदावर आली तेव्हा रक्कम पाच हजार होती, आणि तीही फक्त पहिल्या मुलासाठी. घोषणेतून कागदावर उतरताना सांडासांड व्हायचीच.

मग कायद्यातले एक हजार कुठे गेले? उत्तर तयार होतं. ते जननी सुरक्षा योजनेतून मिळतील, म्हणजे बाईला ‘सरासरी’ सहा हजार होतील. आता जननी सुरक्षेत महाराष्ट्राची गणना पुढारलेल्या राज्यांत. इथे दवाखान्यात बाळंत होणाऱ्या पात्र बाईला खेड्यात ७०० रुपये आणि शहरात ६००. बिहारसारख्या राज्यात खेड्यातल्या बाईला १,४००. पाच हजार अधिक सातशे, पाच हजार सातशे. राहिलेले तीनशे बिहारच्या बहिणीला पोचले असं समजून आमच्या बाईने सरासरी तूप खायचं आणि सरासरी बाळंत व्हायचं.

सुरुवातीला हे पाच हजार तीन हप्त्यांत यायचे. नोंदणीला एक हजार, सहा महिने झाल्यावर दोन हजार, बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या लसी झाल्या की दोन हजार. म्हणजे चोरओटी, डोहाळजेवण आणि बारसं. २०२२मध्ये डोहाळजेवण चोरओटीत मिळवून दोनच हप्ते ठेवले, तीन हजार आणि दोन हजार. सुटसुटीत झालं हे कबूल करायला हवं. आकडा मात्र हलला नाही.

योजनेचा घोषित हेतू असा, की बाळंतपणात बुडणाऱ्या मजुरीची काही भरपाई व्हावी आणि बाईला विश्रांती मिळावी. किती विश्रांती? सरकारच्याच दराने मोजू. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०१३-१४ला १६२ रुपये होती. कायद्यातल्या सहा हजारांत तेव्हा ३७ दिवस बसत. २०१७-१८ला मजुरी २०१ रुपये झाली आणि हातात पाच हजार आले. २५ दिवस. २०२५-२६चा दर ३१२ रुपये. १६ दिवस. मजुरी वाढते तशी विश्रांती आटते. याच चालीने गेलो तर आणखी काही वर्षांनी बाईला चहाची सुट्टी मिळेल.

ऊसतोडीला जाणारीचं गणित तर आणखी सरळ. दसरा झाला की बीडमधून जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली. एक दिवस कामाला गेलं नाही की खाडा. २०१९मध्ये बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या गाजल्या, तेव्हा खाड्याच्या दंडाचा दर छापून आला होता, दिवसाला पाचशे रुपये. म्हणजे मातृ वंदना बरोबर दहा खाडे. बाळाला एवढं सांगून ठेवायला हवं, की बाबा, अकराव्या दिवसाआधी काय ते उरकून घे.

आता त्याच २०१७ सालातली दुसरी गोष्ट. मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि संघटित क्षेत्रातल्या बाईची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. चांगलंच झालं, कुणी डोळे वटारू नयेत. १८२ दिवस, भरपगारी. दुसऱ्या मुलालाही तितकीच. तिसऱ्याला १२ आठवडे. आणि तिथे कुणी वाटी उघडून बघत नाही. साहेबीणबाईंना दुसरा मुलगा झाला म्हणून त्यांची रजा रद्द झाल्याचं ऐकलंय? तीच मोजपट्टी रोजगार हमीच्या २०२५-२६च्या दराने लावली तर १८२ दिवसांचे ५६,७८४ रुपये होतात. एका देशात, एका वर्षात, एकीला १८२ दिवस आणि एकीला २५. कुटुंब लहान ठेवायचा उपदेश मात्र दुसरीलाच.

कागदांचं सांगू? पहिलटकरीण म्हणजे बहुधा नवी नवरी. आधारवर नाव माहेरचं, सासरी हाक मारतात तिसऱ्याच नावाने. रेशनकार्ड तर मधल्या मध्ये. बापाच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आलाय, नवऱ्याच्या कार्डात चढवायचा अर्ज पडून आहे. सरकारदरबारी ती त्या वर्षी कुणाच्याच घरची नसते, आणि गरिबीचा पुरावा नेमका त्याच वर्षी द्यायचा. अर्जात शेवटच्या पाळीची तारीख लागते. ‘पोळ्याच्या आदल्या आठवड्यात’ हे पोर्टलला चालत नाही. गरोदरपणाच्या तपासणीचं कार्ड सासरच्या गावात काढलेलं, बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, त्यामुळे जन्मनोंद तिकडची. सगळं जुळलंच, तर पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. ते खातं कुठलं, हे तिला सोडून सगळ्यांना माहीत असतं.

पहिल्या आवृत्तीत नवऱ्याचं आधारही सक्तीचं होतं. होणाऱ्या बापाकडून सरकारची एकच अपेक्षा होती, आधार. तोही बारा आकडी. नव्या आवृत्तीत ती अट काढली. आता बापाकडून काहीच अपेक्षा नाही, आणि तो ती पुरी करतो.

हे पैसे द्यायचे कुणी, हा वाद जुना आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यांतल्या बायकांच्या मातृत्व लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. बाळंतपणाच्या सुमारास आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून हा बोजा मुख्यतः सरकारने उचलायला हवा, असं त्यांनी मांडलं. १९२९मध्ये कायदा झाला. आज शंभरी भरत आलीय आणि सरकार अजून वाट्यांवरची झाकणं उघडून बघतंय. इच्छा असली की जमतं, हे तमिळनाडूकडे पाहून कळतं. तिथली डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची योजना १८,००० रुपयांची आहे, त्यात पोषणाची किट आली, आणि ती पहिल्या दोन्ही बाळंतपणांना मिळते. पेढ्यालाही.

महाराष्ट्राची इच्छा कमी आहे असं कोण म्हणेल? इथे नात्यांची चंगळ आहे. ‘लेक लाडकी’ म्हणून पिवळ्या-केशरी कार्डवाल्या घरातल्या मुलीला अठरा वर्षांची होईतो टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार. ‘लाडकी बहीण’ म्हणून २०२४च्या जुलैपासून महिन्याला १,५००. पोटुशी बाई बहीण म्हणून रांगेत उभी राहिली तर नऊ महिन्यांचे १३,५०० रुपये. आई म्हणून उभी राहिली तर ५,०००, तेही जन्मनोंद आणि लसी झाल्यावर पूर्ण. एकच बाई, एकच पोट, नातं बदललं की भाव बदलतो. कारण उघड आहे. बहीण पाच वर्षं बहीण राहते. गरोदर बाई नऊ महिन्यांत संपते, मतदारसंघ म्हणून टिकत नाही.

आईच्या वाट्याला मग उरली वंदना. तिला पैसे पडत नाहीत.

आमच्याकडे पोटुशी कुणाच्या पाया पडायला लागली, की घरातलं मोठं माणूस लगेच अडवतं. “असू दे गं, वाकू नकोस.” योजनेच्या नावात सरकार तिला वंदन करतंय, करू दे. ती मात्र ते बघायला समोर नसते. ती उसाच्या फडात असते, सातवा महिना, हातात कोयता, आणि वाकलेली तीच.