सोमसूत्री चक्कर

सूनबाई ठाण्याची. लग्नाला सात वर्षं झाली, पण तिच्यातलं ठाणं काही जात नाही, आणि जाऊही नये. तिच्या माहेरी कुणाचं डोकं तापलं, कुणाचा निकाल लागला, कुणाला स्थळ पसंत पडेना, की एकच औषध: "चल, तळ्याला एक चक्कर मारून येऊ." तळं म्हणजे मासुंदा. काठाला कोपिनेश्वराचं देऊळ, भोवती सपाट फरसबंदी, बसायला कट्टा आणि दर वीस पावलांवर खायला काहीतरी. तलावपाळीच्या एका चकरेत भांडण मिटतं आणि दुसऱ्या चकरेत आइस्क्रीम होतं. त्यामुळे दिवाळीला आमच्याकडे चौकला आली की फराळाचं ताट खाली ठेवायच्या आत तिचा प्रश्न येतो, "बाबा, इथे चक्कर मारायला तळं नाही का हो?"

आता नाही म्हणावं तर गावाची अब्रू जाते. तसं पाणी आमच्याकडे थोडंथोडकं नाही. धावरी नदीवरचं मोरबे धरण उशाशीच आहे. पण एक तर त्याला पुरती चक्कर मारायची तर अंथरूण-पांघरूण बरोबर घ्यावं लागेल. शिवाय ते पाणी नवी मुंबईचं. पातळी ८८ मीटरला टेकली की धरण भरलं. मग जलपूजन होतं, नारळ सोडतात, पेपरात फोटो येतो. पाऊस मात्र सगळा आमच्या छत्र्यांवर पडलेला असतो. आणि जिथे रखवालदार "कुठे निघालात?" म्हणून विचारतो, ते तळं चकरेच्या कामाचं नाही. चकरेला निघालेल्या माणसापाशी या प्रश्नाचं उत्तर नसतं.

दुसरं तळं आमच्या डोक्यावर आहे. शब्दशः डोक्यावर. माथेरानचं शार्लोट लेक.

इथे थोडं गावाचं कौतुक सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याचा तळ चौकला पडला होता. तेव्हा आमचा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. ठाण्याला अजून आगगाडीही आलेली नव्हती, ती १६ एप्रिल १८५३ ची. तर हा साहेब संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून निघाला, डोंगर अर्धा चढला आणि दुसऱ्या दिवशी चौकच्या पाटलाला बरोबर घेऊन थेट माथ्यावर गेला. उतरला रामबागेच्या बाजूनं. नोव्हेंबरात पुन्हा आला. माथेरान 'सापडलं' ते असं. वर धनगर, ठाकर, कातकरी आधीपासून वावरत होतेच, पण त्यांना ते हरवलेलंच नव्हतं.

मला राहून राहून त्या पाटलाचं वाटतं. मे महिना, भाजणीच्या कढईसारखा तापलेला कातळ, आणि साहेबाला 'फिरायला' जायचंय! घोडा दारात असताना माणूस पायी डोंगर का चढतो, हे पाटलाला कुणी समजावून दिलं असेल का? साहेबाच्या नावाचा झरा वर आहे. पाटलाच्या नावाचा पॉइंट मी तरी पाहिलेला नाही. गावाला मिळाला तो चौक पॉइंट. प्रवासी तिथे उभे राहून खाली आमची घरं बघतात आणि "किती छोटी दिसतात ना!" म्हणतात. तिथूनच मोरबेचं पाणी दिसतं आणि इर्शाळगडाचं नेढंही. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाचलेल्यांची घरं आता चौकजवळच आहेत. त्या पॉइंटवर आमच्या गावचा माणूस उभा राहिला तर "छोटी दिसतात" असं म्हणत नाही.

असो. ठाण्याहून १८५० मध्ये कलेक्टर आला होता, आता सून आली. मागणी तीच, पाय मोकळे करायचे. फरक इतकाच की साहेब आमच्या परसातून चढला आणि आम्ही मात्र कर्जत, नेरळ असा डोंगराला वळसा घालून घाट चढलो. दस्तुरी नाक्यावर गाडी लावली. तिथून पुढे गाड्यांना बंदी, म्हणूनच तर हे गाव लहान मुलांना बोट सोडून चालायला देता येण्याजोगं राहिलंय. अमन लॉजपासून बाजारापर्यंत झुकझुक गाडीनं गेलो, ते केवळ नातीच्या हट्टापायी. १९०७ पासूनची ही गाडी दोन फुटी रुळांवरून अशी चालते, की बाजूनं चालणाऱ्या घोडेवाल्याशी खिडकीतून भाव करता यावा. नातीनं तो केलाही.

आमच्या पलटणीत सहा जण. मी, बायको, चिरंजीव, सूनबाई, साडेपाच वर्षांची नात आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या. कुटुंबानं मिळून चालायचं म्हणजे नेमकं काय, हे ज्याला पाहायचंय त्यानं बाजारापासून तळ्यापर्यंत आमच्या मागून यायला हवं होतं. चिरंजीव मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजतात. दिवसाला दहा हजार झाली नाहीत तर त्यांना जेवण गोड लागत नाही. बायको चालते ती बघायला: कुठल्या बंगल्याचं कौल फुटलंय, कुठे नवा रंग काढलाय, चपलांच्या दुकानात मागच्या खेपेचाच मुलगा आहे का. नात चालत नाहीच. ती पळत पुढे जाते, पळत मागे येते आणि मधल्या वेळात खाली बसून लाल माती मुठीत भरते. आत्या मात्र चालते. तिचा वेग एकच असतो, बैलगाडीचा. चढाला कमी होत नाही, उताराला वाढत नाही.

"आम्ही लहानपणी बाबांबरोबर रामबागच्या वाटेनं यायचो," आत्या म्हणाली.

"फिरायला?" सूनबाईंनी विचारलं.

"फिरायला कोण येतंय! डोक्यावर भाजीची पाटी असायची."

त्यावर सूनबाई थोडी गप्प झाली. तिचे पांढरे बूट तोवर जांभ्याच्या धुळीनं गुलालात बुडवल्यासारखे झाले होते. तलावपाळीवर असलं काही होत नाही, एवढं ती बोलली नाही, पण बुटांकडे पाहिलं तिनं.

माकडांविषयी लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण माथेरानवर लिहिणारा प्रत्येक जण लिहितो. तेव्हा इतकंच सांगतो, की चकल्यांचा डबा स्टीलचा होता आणि झाकण घट्ट होतं. तो त्यानं उघडला. मला घरी तो उघडत नाही.

तळं झाडीतून एकदम समोर येतं. आधी गारवा लागतो, मग पाणी दिसतं. जांभळीच्या फांद्या काठावर वाकलेल्या, पाणी काळसर हिरवं, आणि दिवाळीनंतरचा आडवार असल्यानं गर्दी बेताची. नात बूट काढायला लागली. पाणी दिसलं की पाय घालायचा, हा तिचा सरळ हिशेब. फलक वाचून दाखवला, तिला पटला नाही. मग आत्या खाली वाकून म्हणाली, "बाय, हे प्यायचं पाणी हाय. सगळं गाव पितं. तुझ्या तांब्यात कुणी पाय घातला तर?" नातीनं क्षणभर विचार केला आणि बूट परत घातले. उलटे घातले, पण घातले.

काठावरच पिसरनाथाचं देऊळ आहे, माथेरानचं ग्रामदैवत. शेंदूर फासलेला महादेव. आम्ही पाया पडलो आणि मग चकरेला सुरुवात केली, म्हणजे चिरंजीवांनी केली. बाकीचे हळूहळू त्यांच्या मागे लागले. बांधापर्यंत पोचलो तेव्हा बायको दोन जागी बसून झाली होती आणि नात बापाच्या खांद्यावर चढली होती. पलीकडची बाजू समोर दिसत होती. सूनबाईचा जीव त्या पलीकडच्या बाजूत अडकला. "आता अर्धं झालंच आहे, पूर्णच करू ना." ठाणेकराला अर्धी चक्कर म्हणजे चक्करच नव्हे.

आत्यानं काठी टेकली आणि थांबली.

"शंकराच्या देवळात पुरी प्रदक्षिणा घालतात का गं?"

"नाही. सोमसूत्री. पाणी जातं तिथपर्यंत जायचं आणि माघारी फिरायचं."

"मग? हा पिसरनाथ कोण? आणि हा बांध, पाणी इथूनच जातं ना? ओलांडायचं नसतं ते."

यावर कुणापाशी उत्तर नव्हतं. कोपिनेश्वराच्या सावलीत वाढलेल्या मुलीपाशी तर नव्हतंच. मलाही तो नियम तळ्याला लागू होतो की नाही ठाऊक नाही, पण माझे गुडघे त्याच्या बाजूनं होते. आम्ही माघारी फिरलो. देवळाच्या पायरीवर बसून घडीच्या पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. चकल्या नव्हत्या.

परतीच्या वाटेवर आणखी एक उलगडा झाला. चिरंजीवांचं घड्याळ सकाळपासून नातीच्या हातात होतं. तिनं मागितलं होतं, त्यांनी दिलं होतं आणि विसरले होते. पावलं भरली तेरा हजारांच्या वर. त्यांनी ती आपल्याच खात्यावर जमा करून घेतली आणि रात्री पोटभर जेवले.

उरलेली अर्धी बाजू पुढच्या दिवाळीला करायची, असं सूनबाईनं निघताना जाहीर केलंय. आत्या म्हणते, ती बाजू महादेवाची आहे.